पुलावरचा मठाधिपति

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत विल्टशर नांवाचा परगणा आहे. त्या परगण्याच्या वायव्य कोपऱ्यांत एका टेकडीवर मामझबरी हें लहानसें गांव वसलेलें आहे. एव्हन नदीचे दोन फांटे त्या टेकडीला जवळजवळ वेढा घालतात, आणि म्हणून गांवांत शिरावयाचें किंवा गांवाबाहेर पडावयाचें तर बहुतेक बाजूंनीं पूल ओलांडावा लागतो. सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं या गांवच्या मठाचा जो अधिपति होता, त्याचें नांव आल्डहेल्म. या मठाधिपतीला दोन वाणी अवगत होत्या. एक विद्वानांची, म्हणजे लॅटिन. दुसरी त्याच्या आईची, म्हणजे सॅक्सन लोकांची रोजची बोली. पहिल्या वाणींतलें त्याचें बहुतेक लेखन आज छापील ग्रंथांतून वाचावयास मिळतें. दुसऱ्या वाणींत त्यानें जें रचलें आणि गाइलें त्यांतली एक ओळहि निश्चितपणें त्याची म्हणून हातीं लागत नाहीं. परंतु सामान्य लोकांनीं जी त्याची आठवण पिढ्यान् पिढ्या जतन केली ती मात्र या दुसऱ्या वाणीचीच होती.

आल्डहेल्मचा जन्म इ. स. ६४० च्या सुमारास झाला. रोमन फौजा इंग्लंड सोडून गेल्याला त्या वेळीं सव्वादोनशें वर्षें होऊन गेलीं होतीं. समुद्रापलीकडून आलेल्या अँगल आणि सॅक्सन टोळ्यांनीं मूळच्या ब्रिटन लोकांना पश्चिमेकडे रेटीत नेऊन आपलीं लहान लहान राज्यें थाटलीं होतीं. त्यांपैकीं पश्चिम सॅक्सनांचें राज्य तें वेसेक्स. या राज्याच्या राजानें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली ती इ. स. ६३५ मध्यें; म्हणजे आल्डहेल्म जन्मास येण्याच्या आधीं अवघीं चार-पांच वर्षें. आल्डहेल्म याच राजकुळाच्या नात्यांतला होता. त्याच्या घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांनीं लहानपणीं जुन्या सॅक्सन देवतांना नैवेद्य दाखविलेले असणार, आणि त्यांच्या शौर्याचीं गाणीं रात्रीं शेकोटीभोंवतीं वीणेच्या सुरावर म्हटलीं जात असणार. या पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष केलें तर पुढचा माणूस नीट समजत नाहीं.

त्याचा पहिला गुरु मेलडुव नांवाचा एक आयरिश तपस्वी होता, अशी परंपरा आहे. त्या काळीं युरोपांत विद्येचा दिवा बऱ्याच ठिकाणीं विझूं लागला असतां आयर्लंडमधील मठांनीं तो तेवत ठेविला होता, आणि तेथील संन्यासी एक झोळी व चार पोथ्या घेऊन परमुलखांत जाऊन रहात. मेलडुव असाच येऊन या टेकडीवर राहिला. बीड या प्राचीन इतिहासकारानें या गांवाला मेलडुवाचें नगर असेंच म्हटलें आहे.

पुढें तिशी गांठल्यावर आल्डहेल्म पुन्हां विद्यार्थी झाला. इ. स. ६६९ मध्यें थिओडोर हा कँटरबरीचा आर्चबिशप म्हणून इंग्लंडांत आला. तो आशियामायनरमधील टार्सस गांवचा ग्रीक. त्याच्या मागोमाग हेड्रिअन आला. तो उत्तर आफ्रिकेंतला. वास्तविक पोपनें आर्चबिशपची गादी आधीं या हेड्रिअनलाच देऊं केली होती. परंतु त्यानें ती नाकारून सहासष्ट वर्षांच्या थिओडोरचें नांव पुढें केलें आणि स्वतः त्याचा सोबती म्हणून येण्याचें पत्करलें. एक ग्रीक आणि एक आफ्रिकन अशा या दोघां परदेशीयांनीं कँटरबरीस जी शाळा चालविली, तिच्यासारखी शाळा त्या बेटानें पूर्वीं पाहिली नव्हती. तेथील कांहीं शिष्यांना लॅटिन आणि ग्रीक या भाषा मातृभाषेइतक्या सहज येत, असें बीड लिहितो.

या शाळेंत आल्डहेल्म काय शिकला हें त्यानें आपल्या बिशपला पाठविलेल्या एका पत्रांतून कळतें, आणि तें पत्र प्रत्येक शिक्षकानें वाचावें असें आहे. रोमन कायदा, शंभर प्रकारचीं वृत्तें, राशिचक्राचें ज्ञान, एवढें सगळें त्यानें मोठ्या उमेदीनें सांगितलें आहे. परंतु गणिताची गोष्ट निघतांच त्याचा सूर बदलतो. संख्यांचे अंश आणि त्यांची आकडेमोड ही इतकी अवघड वाटली कीं आतांपर्यंत केलेला सारा अभ्यास म्हणजे कांहींच नव्हे असें त्याला होऊन गेलें. तो अगदीं निराश झाला, आणि मग एके दिवशीं ईश्वरकृपेनें ती गुंतागुंत एकाएकीं उलगडली. पस्तिशीच्या आसपासचा राजकुळांतला पुरुष अपूर्णांकांपुढें हात टेकतो, आणि तें न लपवितां वरिष्ठाला लिहून कळवितो! या शाळेंत त्याला फार काळ राहतां आलें नाहीं. प्रकृति बिघडल्यामुळें त्याला घरीं परतावें लागलें, आणि गुरु हेड्रिअनला लिहिलेल्या पत्रांत त्याची हळहळ स्पष्ट दिसते.

इ. स. ६७५ च्या सुमारास तो मामझबरीचा मठाधिपति झाला आणि पुढें सुमारें तीस वर्षें त्यानें तो मठ चालविला. फ्रूम आणि ब्रॅडफर्ड येथेंहि त्यानें मठ स्थापिले, मंदिरें बांधिलीं. कडाक्याच्या थंडींत झऱ्याच्या पाण्यांत खांद्यापर्यंत उभा राहून तो स्तोत्रपाठ करी, अशी कथा आहे. अशा कथा त्या काळच्या बहुतेक साधुपुरुषांविषयीं सांगतात, तेव्हां तिच्यापाशीं थांबण्याचें कारण नाहीं. थांबावयाचें तें त्याच्या लेखनापाशीं.

आल्डहेल्मचें लॅटिन हें एक अजब प्रकरण आहे. आयर्लंडांत सहा वर्षें शिकून आलेल्या एका तरुणाला त्यानें लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्राच्या आरंभींच्या सोळा शब्दांपैकीं पंधरा शब्द एकाच, म्हणजे 'प', अक्षरानें सुरू होतात. इंग्लंडांत थिओडोर आणि हेड्रिअन असतांना विद्येसाठीं आयर्लंडला कशाला जावें, एवढाच त्या पत्राचा मुद्दा. पण तो सांगतांना त्यानें शब्दकोशांतले दुर्मिळ शब्द, ग्रीक शब्द, उपमा यांची अशी आरास मांडली आहे कीं मुद्दा शोधून काढावा लागतो. बार्किंग येथील मठाची अधिकारिणी हिल्डेलिथ आणि तिच्या संन्यासिनी यांच्यासाठीं त्यानें ब्रह्मचर्यावर एक मोठा गद्य ग्रंथ लिहिला, आणि तेवढ्यानें समाधान न होऊन तोच विषय पुन्हां पद्यांत बांधून काढला. या संन्यासिनी असलें लॅटिन वाचूं शकत होत्या, ही गोष्ट त्यांच्या विद्वत्तेची साक्ष म्हणून लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्याच शतकांत इकडे हर्षवर्धनाच्या पदरीं असलेला बाणभट्ट पानपानभर लांबीचीं समासप्रचुर वाक्यें रचीत होता. या दोघांना एकमेकांचें नांवहि ठाऊक असणें शक्य नव्हतें. परंतु भाषेवर नुसतें प्रभुत्व असून भागत नाहीं, तें दिसलेंहि पाहिजे, ही हौस दोघांनाहि सारखीच होती.

आल्डहेल्मच्या बाबतींत या हौसेला आणखी एक कारण होतें. लॅटिन ही त्याची जन्मभाषा नव्हे. ज्या लोकांना सुसंस्कृत जग रानटी म्हणत असे, त्या लोकांत तो जन्मला होता. जर्मन वंशांत जन्मून लॅटिन छंदःशास्त्रावर एवढे परिश्रम करणारा पहिला पुरुष आपणच, असें त्यानें अभिमानानें लिहून ठेविलें आहे, आणि तें करतांना महाकवि व्हर्जिलशीं आपली तुलना करण्यासहि तो कचरला नाहीं. परक्या भाषेंत नांव मिळविणारा माणूस त्या भाषेच्या मूळ मालकांपेक्षांहि अधिक नटून बोलतो, हा अनुभव कांहीं एका देशापुरता नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर तीनशें वर्षें इंग्लंडच्या मठांतून हे ग्रंथ ओळींमध्यें अर्थ लिहून लिहून पढविले जात होते. पुढें वाचकांची रुचि पालटली आणि हेंच लॅटिन थट्टेचा विषय झालें.

पण याच भारदस्त पंडितानें शंभर कोडीं रचलीं आहेत, आणि तीं वाचूं लागलें म्हणजे दुसराच माणूस समोर येतो. नॉर्दंब्रियाचा राजा आल्डफ्रिथ हा मोठा विद्याव्यासंगी होता. त्याला छंदःशास्त्रावरचा ग्रंथ पाठवितांना उदाहरणादाखल आल्डहेल्मनें हीं कोडीं त्यांत घातलीं. सिंफोसिअस नांवाच्या एका जुन्या लॅटिन कवीनें तीन तीन ओळींचीं शंभर कोडीं केलीं होतीं, त्यांचा नमुना त्याच्यासमोर होता. परंतु सिंफोसिअसचीं कोडीं म्हणजे जेवणानंतरची करमणूक. आल्डहेल्मच्या कोड्यांत सृष्टींतली एकेक वस्तु स्वतः उभी राहून आपली हकीकत सांगते. वारा, ढग, इंद्रधनुष्य, मीठ, खाजकुयलीसारखी अंगाची आग करणारी वनस्पति, मांजर, मधमाशी, भाता, रेशमाचा किडा. पिठाची चाळणी येते. तिच्यांतून पडणारें बर्फ चुलीजवळ ठेविलें तरी वितळत नाहीं. मठाच्या स्वयंपाकघरांत पीठ चाळतांना कोणाला तरी टक लावून पाहिल्याखेरीज ही कल्पना सुचावयाची नाहीं.

लिहिण्यावाचण्याच्या साधनांवर त्यानें केलेलीं कोडीं तर फारच सुंदर आहेत. मेण लाविलेली लिहिण्याची पाटी आपली कुळकथा सांगते: आंतला भाग मधमाशांनीं दिला, बाहेरचा रानांतल्या झाडानें. मग लोखंडी टोंकानें तिच्यावर नांगरट होते आणि शेवटीं त्या शेतांत पीक येतें. लेखणी ही पांढऱ्या पक्ष्याची लेक. ती पांढऱ्या शेतांतून चालते आणि मागें काळीं पावलें उमटवीत जाते. वर्णमालेंतलीं अक्षरें म्हणजे मुक्या बहिणी; त्या सतरा, आणि मागाहून घरांत घेतलेल्या सहा निराळ्याच. तीन भाऊ मिळून त्यांना जन्म देतात. ते तीन भाऊ म्हणजे लेखणी धरणारीं तीन बोटें. आणि ग्रंथांची पेटी! तिच्या पोटांत साऱ्या पवित्र ग्रंथांचा भरणा आहे, पण त्यांतलें एक अक्षरहि तिला कळत नाहीं. या कोड्याचा रोख नुसत्या लाकडी पेटीवर होता कीं मठांतल्या एखाद्या घोकंपट्टी करणाऱ्या शिष्यावर, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

या शंभरांत एक कोडें मिऱ्यांचें आहे. बाहेरून काळी, सुरकुतलेली साल, आंत पांढरा गाभा. मोठमोठ्यांच्या पक्वान्नांना याच्यावांचून चव नाहीं, पण जोंपर्यंत कोणी ठेचून चूर्ण करीत नाहीं तोंपर्यंत गुण उतरत नाहीं. हीं मिरीं आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरचीं. तेथून निघून अनेक समुद्र आणि अनेक व्यापाऱ्यांचे हात ओलांडून तीं त्या धुक्याच्या बेटावर पोहोंचत. तेथें त्यांचें मोल एवढें होतें कीं इ. स. ७३५ मध्यें इतिहासकार बीड मरणोन्मुख झाला तेव्हां आपल्या पेटींतल्या ज्या चारदोन मौल्यवान वस्तु त्यानें सोबत्यांना वाटून दिल्या, त्यांत मिरीं होतीं. हत्तीवरहि एक कोडें आहे. मात्र हत्ती आल्डहेल्मनें पाहिलेला नव्हता. पोथ्यांत लिहिलें होतें त्यावर विश्वास ठेवून, या प्राण्याला गुडघा वांकवितां येत नाहीं आणि म्हणून जन्मभर उभें रहावें लागतें, असें तो सांगतो. आपल्याकडचा एखादा माहुत हें ऐकून पोट धरधरून हंसला असता.

आल्डहेल्मच्या लेखनांतलें आणखी एक पत्र येथें सांगितलें पाहिजे, कारण तें वाचतांना आपल्या इकडच्या श्रोत्यांना ओळखीचें कांहीं तरी भेटेल. आजचे डेव्हन आणि कॉर्नवॉल हे परगणे त्या काळीं डमनोनिया या नांवानें ओळखले जात, आणि तेथें गेरेंट नांवाचा ब्रिटन राजा राज्य करीत होता. सॅक्सनहि ख्रिस्ती आणि ब्रिटनहि ख्रिस्ती. परंतु ईस्टरचा सण कोणत्या दिवशीं पाळावयाचा आणि संन्याशानें मुंडन कोणत्या तऱ्हेनें करावयाचें, या दोन गोष्टींवरून त्यांच्यांत वैर माजलें होतें. बिशपांच्या एका सभेनें या राजाला पत्र लिहिण्याचें काम आल्डहेल्मवर सोंपविलें. त्यांत तो लिहितो कीं सेव्हर्न नदीपलीकडचे ब्रिटन धर्मगुरु सॅक्सनांच्या पंक्तीला बसत नाहींत. सॅक्सनांचें उरलेंसुरलें अन्न ते कुत्र्यांना आणि डुकरांना घालतात. सॅक्सनांनीं वापरलेलीं भांडीं वाळूनें किंवा राखेनें घांसून शुद्ध करवितात. आणि एखादा सॅक्सन त्यांच्यामध्यें रहावयास गेला तर चाळीस दिवस प्रायश्चित्त घेतल्याखेरीज त्याला जवळ करीत नाहींत. एकाच देवाचे भक्त, एकच धर्मग्रंथ, आणि मध्यें राखेनें घांसलेलें भांडें! आल्डहेल्मला हें फार लागलें होतें, आणि या पत्रांत त्याचें लॅटिन इतर ठिकाणच्या मानानें बरेंच सरळ झालें आहे, तें बहुधा त्यामुळेंच. मात्र न्यायाची गोष्ट बोलावयाची तर त्याच्या पत्रांत एका प्रश्नाचा उच्चारहि नाहीं. या ब्रिटनांच्या जमिनी कोणी हिरावून घेतल्या, त्यांना डोंगरांत कोणी लोटलें, हें त्यानें विचारलें नाहीं. ज्याच्या हातून शेतें गेलीं तो निदान ताटाचें सोंवळें तरी राखतो. एवढें समजून घेण्याइतकी दृष्टि त्या विजयी कुळांतल्या साधूलाहि लाभली नव्हती. तरीहि बीड नमूद करतो कीं या पत्राच्या वाचनानें वेसेक्सच्या अमलाखालील पुष्कळ ब्रिटन सॅक्सनांप्रमाणें ईस्टर पाळूं लागले.

आतां त्या पुलाकडे वळूं. ही हकीकत विल्यम नांवाच्या संन्याशानें लिहून ठेविली आहे. तो बाराव्या शतकांत याच मामझबरीच्या मठांत रहात होता आणि इ. स. ११२५ च्या सुमारास त्यानें आल्डहेल्मचें चरित्र लिहिलें. चारशें वर्षांनंतरच्या माणसाचा शब्द कितपत मानावा, असें कोणी म्हणेल. परंतु विल्यमच्या हाताशीं एक जुना आधार होता. नवव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या आल्फ्रेड राजानें आवडलेल्या गोष्टींची एक टिपणवही ठेविली होती. ती वही आज नष्ट झाली आहे, पण विल्यमनें ती पाहिली होती, आणि तिच्यांतून त्यानें ही गोष्ट घेतली.

गोष्ट अशी. मामझबरीच्या आसपासचे शेतकरी उपासनेपुरते मंदिरांत येत, आणि ती संपली कीं प्रवचनाला न थांबतां घराकडे धूम ठोकीत. यांत त्या बिचाऱ्यांचा फारसा दोष नव्हता. उपासना चाले लॅटिनमध्यें. गुरें घरीं बांधलेलीं. आणि धर्म अंगावर चढवून त्यांना एक-दोन पिढ्याहि झालेल्या नव्हत्या. त्यांना रोखण्याचे उपाय मठाधिपतीच्या हातीं होते. दंड होता, बहिष्कार होता, राजाच्या नातलगाचा दरारा होता. आल्डहेल्मनें यांतलें कांहींच वापरलें नाहीं. तो मंदिरांतून निघाला आणि गांव व शिवार यांना जोडणाऱ्या पुलावर जाऊन उभा राहिला. गाण्यावर पोट भरणारा एखादा भाट उभा राहतो तसा उभा राहून त्यानें लोकांच्या बोलींत, त्यांच्याच चालीवर, गाणें सुरू केलें. घराकडे निघालेला माणूस थबकला. मागचे लोक येऊन मिळाले. हें एकदां नव्हे, अनेकदां घडलें. लोकांना गोडी लागली असें पाहून तो त्या गाण्यांत हळूहळू धर्मग्रंथांतलीं वचनें गुंफूं लागला, आणि लोक कांहीं काळानें प्रवचनालाहि थांबूं लागले. त्यानें धाकदपटशा केला असता तर कांहींच साधलें नसतें, असा अभिप्राय विल्यमनें दिला आहे, आणि तो अगदीं रास्त आहे.

या गोष्टीचें मोल समजण्यासाठीं ज्यानें हें केलें तो कोण होता याचें स्मरण ठेविलें पाहिजे. गांवढळ माणसाला गांवढळ बोली येते यांत नवल नाहीं. हा त्या बेटावरचा सर्वांत कठीण लॅटिन लिहिणारा पुरुष होता. ओळींचीं पहिलीं अक्षरें उभीं वाचलीं आणि शेवटचीं अक्षरें उभीं वाचलीं तर दोन्हीकडून एकच वाक्य निघावें, असली कसरत तो कोड्यांच्या प्रस्तावनेंत करून दाखवितो. त्याची सारी प्रतिष्ठा परक्या भाषेवर उभी होती. अशा माणसानें भाटाच्या जागीं उभें राहून आजीच्या तोंडचीं गाणीं म्हणावयाचीं, म्हणजे आपल्या बरोबरीच्या पंडितांत स्वतःला कमी लेखवून घेण्याची तयारी ठेवावयाची. आल्फ्रेड राजाचें मत असें होतें कीं इंग्लिश बोलींत गाणें रचून म्हणण्यांत आल्डहेल्मची बरोबरी कोणत्याहि काळीं कोणीं केली नाहीं. त्यानें रचलेलें एक गाणें आल्फ्रेडच्या वेळीं, म्हणजे पावणेदोनशें वर्षांनंतर, लोक अद्याप गात होते.

आणि तरीहि तीं गाणीं बुडालीं. लिहावयाचें तें चामड्यावर. एका मोठ्या पोथीला कित्येक जनावरांचीं कातडीं लागत. तें महागडें चामडें लॅटिनसाठीं राखून ठेवण्याची रीत होती. त्याच काळीं उत्तरेकडे व्हिटबीच्या मठांत कॅडमन नांवाचा एक अडाणी गुराखी इंग्लिश बोलींत धर्मपर काव्य रचीत होता. त्याचेंहि बहुतेक सारें काव्य गेलें. बीडनें त्याची हकीकत सांगून एका स्तोत्राचा लॅटिन अनुवाद दिला आणि पुढच्या नकलकारांनीं समासांत मूळ इंग्लिश ओळी लिहून ठेविल्या, म्हणून तेवढ्या नऊ ओळी वांचल्या. आल्डहेल्मच्या पोथीच्या समासांत अशी कृपा कोणी केली नाहीं.

मराठी वाचकांना येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हें नांव त्यांना परिचयाचें आहे. हा जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्यें गोव्यास आला, चाळीस वर्षें तेथें राहिला आणि १६१९ मध्यें तेथेंच वारला. ख्रिस्तपुराण हा त्याचा ओवीबद्ध मराठी ग्रंथ १६१६ मध्यें प्रथम छापला गेला. हा स्टीफन्स जन्मला तो विल्टशर परगण्यांत, बुश्टन या खेड्यांत. मामझबरीहून निघालेला माणूस पायीं एका दिवसांत तेथें पोहोंचतो. पुलावरच्या मठाधिपतीची कथा स्टीफन्सच्या कानीं लहानपणीं आली होती किंवा कसें, याला कांहीं आधार नाहीं, आणि ओढून ताणून संबंध जोडण्याचें प्रयोजनहि नाहीं. परंतु लोकांना आपल्या भाषेकडे ओढण्याऐवजीं आपण लोकांच्या भाषेकडे जावें हें त्या एकाच परगण्यांतल्या दोघांना साडेआठ-नऊशें वर्षांच्या अंतरानें सुचलें, आणि दुसऱ्या वेळीं ती भाषा आपली होती. ओवीच्या नशिबानें छापखाना तोंपर्यंत निघालेला होता.

आल्डहेल्मच्या उत्तरायुष्यांतील कथा विल्यमनें पुष्कळ दिल्या आहेत. तो रोमला गेला, पोप सर्जिअसकडून मठासाठीं अभयपत्र घेऊन आला. परतीच्या वाटेवर संगमरवराची वेदी वाहून नेणारा उंट आल्प्सच्या चढणीवर कोसळला, वगैरे. त्यांतली डोव्हर बंदरावरची कथा त्याच्या स्वभावाला शोभते. परदेशी व्यापाऱ्यांच्या गलबतांत त्याला संपूर्ण बायबलची पोथी दिसली. त्यानें सराईत गिऱ्हाइकासारखी पानें चाळून भाव केला. व्यापाऱ्यांनीं, आमच्या मालाला नांवें ठेवून किंमत पाडतोस काय, म्हणून त्याला हिणविलें आणि गलबत हांकारलें. वादळ उठलें, त्याच्या प्रार्थनेनें शमलें, आणि शेवटीं ती पोथी त्याला मिळाली. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडला तरी वादळांतहि पोथीवरची नजर न ढळणारा गिऱ्हाईक खरा वाटतो.

इ. स. ७०५ मध्यें वेसेक्सचा वृद्ध बिशप वारला. राज्य आतां एका बिशपला न झेपण्याइतकें वाढलें होतें. इनी राजाच्या कारकीर्दींत त्या धर्मप्रांताचे दोन भाग करण्यांत आले. पूर्वेकडचा भाग विंचेस्टरला डॅनिअलकडे राहिला, आणि सेलवुडच्या अरण्यापलीकडचा पश्चिम भाग आल्डहेल्मकडे आला. त्याचें ठाणें शरबोर्न. या पश्चिम भागांत तेच ब्रिटन लोक होते ज्यांच्याविषयीं त्यानें पत्र लिहिलें होतें. वय पासष्टीच्या घरांत. एका माणसानें बिशप आणि मठाधिपति अशा दोन्ही गाद्या अडवून बसूं नये, असें त्याच्या मनानें घेतलें आणि तिन्ही मठांचा अधिकार सोडण्याची त्यानें तयारी दाखविली. पण संन्यासी ऐकेनात. तुम्ही हयात असेपर्यंत दुसरा अधिपति आम्हांला नको, असें त्यांनीं सांगितलें, आणि अखेरपर्यंत दोन्ही ओझीं त्याच्याच खांद्यावर राहिलीं. हें काम त्यानें चार वर्षें मोठ्या जोमानें केलें, असें बीड म्हणतो. गांवोगांव हिंडून तो प्रवचन करीत असे. एका खेड्यांत तो बोलत राहिला आणि हातांतली जमिनींत रोंवलेली काठी पालवली, असें तेथील लोक सांगत. ही कथा भक्तांनीं रचली कीं प्रवचनाच्या लांबीला कंटाळलेल्या एखाद्या श्रोत्यानें, हा प्रश्न मनांत आल्याशिवाय रहात नाहीं.

अशाच एका फेरींत असतांना, इ. स. ७०९ मध्यें मे महिन्याच्या २५ तारखेस, सॉमरसेटमधील डोल्टिंग या खेड्यांत त्याला मरण आलें. अखेर जवळ आली असें पाहून आपल्याला मंदिरांत नेऊन ठेवावें असें त्यानें सांगितलें. तें मंदिर लांकडाचें, खेड्यांतलें, साधें होतें. त्याचा देह तेथून मामझबरीला नेण्यांत आला.  प्रेत जेथें जेथें विसांव्याला टेकलें तेथें तेथें, सात सात मैलांवर, दगडी क्रूस उभे केले गेले. चारशें वर्षांनंतर विल्यमच्या वेळीं ते उभे होते. मामझबरीस आज जें भव्य मंदिर दिसतें तें बाराव्या शतकांतलें, तेंहि अर्धें पडलेलें. उरलेल्या भागांत गांवची उपासना अद्याप होते, आणि आतां ती इंग्लिशमध्यें होते.

हॉलंडमधील लायडन येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आल्डहेल्मच्या लॅटिन कोड्यांची एक जुनी पोथी आहे. त्या कोड्यांपैकीं एक चिलखताचें आहे: मेंढीच्या लोंकरीवांचून, मागावर न विणतां, थंड धातूपासून झालेलें वस्त्र. त्या पोथीच्या शेवटच्या पानावर कोणी तरी याच कोड्याचें उत्तर इंग्लंडच्या जुन्या बोलींत केलेलें भाषांतर लिहून ठेविलें आहे. भाषांतर करणाऱ्याचें नांव नाहीं. शाई पुसट झाली असल्यामुळें कांहीं अक्षरें लागत नाहींत.